शेक आणि आशा

उष्णतेने कर्कपेशी मरतात, असे वाचून अमळनेरच्या घरी मी एके रात्री पत्नीच्या गाठीवर गरम पाण्याची पिशवी ठेवू लागलो. “आधी डॉक्टरांना विचारा,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी समजावले, ती उष्णता निराळी. मुंबईच्या आयआयटीत धीरेंद्र बहादूर यांच्या गटाने अभ्यासलेल्या चुंबकीय नॅनोकणांवर कर्करोगाचे औषध बसवता येते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात हे कण तापतात. गाठीत सुमारे ४२ ते ४५ अंश सेल्सिअस उष्णता निर्माण करून पेशी दुबळ्या करायच्या आणि औषध तेथेच सोडायचे, ही त्यामागील कल्पना. मात्र हा अजून नित्याचा उपचार नव्हे.

पिशवी फडताळात गेली. केमोथेरपीची तारीख आम्ही चुकवली नाही. आपणही आशा जरूर बाळगावी, चालू उपचार मात्र सोडू नये.