कोपरामागची नस

आमच्या नोट्समध्ये चेतासंस्थेच्या धड्यात चेतापेशीला साडेतीन पानं आहेत, आणि ‘आधार देणाऱ्या पेशी’ या मथळ्याखाली एक तक्ता. सहा नावं, प्रत्येकासमोर एका ओळीत काम. बारावी आर्ट्स करून नर्सिंगला आलेल्या माझ्यासारखीला तिथेच अडायला झालं. आधार म्हणजे नेमका कशाचा? मेंदूला कवटी आहे, मज्जारज्जूला मणके आहेत, नसा मांसात नीट बसल्यात. मग त्यांना धरून ठेवायला आणखी कोण लागतं?

हेंद्रेपाड्यातून बदलापूर स्टेशनला चालत येताना मी ती नावं घोकायचे. अ‍ॅस्ट्रोसाइट, ऑलिगोडेंड्रोसाइट, मायक्रोग्लिया, एपेंडायमल : या चार मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या. श्वॉन आणि सॅटेलाइट : या दोन बाहेरच्या. अंबरनाथपर्यंत नावं जागेवर असायची, कल्याण येईस्तोवर कामांची अदलाबदल झालेली असायची. मायक्रोग्लिया मेलेल्या पेशी आणि घुसलेले जंतू खाऊन टाकतात, हे लक्षात राहिलं. एपेंडायमल पेशी मेंदूतल्या पोकळ्यांना आतून अस्तर लावतात आणि आपल्या केसांसारख्या धाग्यांनी तिथला द्रव हलता ठेवतात, हेही. हा द्रव कुठल्याही क्षणी जेमतेम दीडशे मिलिलिटर असतो, पण दिवसाला तयार होतो जवळजवळ अर्धा लिटर. म्हणजे रोज तीनदा बदली.

अ‍ॅस्ट्रोसाइटने मात्र डोकं खाल्लं. तिच्या फांद्यांची टोकं एकीकडे केशवाहिनीला चिकटलेली, दुसरीकडे दोन चेतापेशींच्या सांध्यापाशी. तिथे निरोपासाठी ग्लुटामेट नावाचं रसायन सांडतं. निरोप पोचल्यावर ते ताबडतोब उचललं गेलं नाही, तर पुढची पेशी उत्तेजित होऊन होऊन मरते. ते उचलण्याचं बरंचसं काम अ‍ॅस्ट्रोसाइट करते. याला कुणी ‘आधार’ म्हणत असेल, तर मला त्या शब्दावर विश्वास ठेवायचा नव्हता.

वर सीनियर मुलींच्या वहीत लिहिलेलं, की मेंदूत आधार देणाऱ्या पेशी चेतापेशींच्या दहापट असतात. मी तेच पाठ केलं होतं. नंतर वाचलं, की ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हाउझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हिशेब मांडला. मेंदूचं चक्क द्रावण करून त्यातली केंद्रकं मोजली. चेतापेशी निघाल्या सुमारे ८,६०० कोटी आणि बाकीच्या सगळ्या पेशी मिळून साधारण तेवढ्याच. दहापटीचा आकडा कित्येक वर्षं पुस्तकांतून तसाच चालत आला होता. परीक्षेत काय लिहायचं, असं विचारल्यावर मॅडम म्हणाल्या, “‘भरपूर’ लिही.”

‘आधार’ या शब्दाचा गोंधळ थोडा निवळला तो वर्गात नाही. कुष्ठरोग शोध मोहिमेत आम्हा मुलींना आशाताईंबरोबर घरोघर पाठवलं तेव्हा. काम सोपं सांगितलं होतं : घरातल्या प्रत्येकाला विचारायचं, अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे का, असेल तर डोळे मिटायला सांगून कापसाच्या टोकाने हळूच स्पर्श करायचा, जिथे लागलं तिथे माणसाने बोट ठेवायचं. बायकांना मी आणि ताई तपासायचो, पुरुषांना पुरुष स्वयंसेवक. नव्या टॉवरांत वॉचमन गेटवरच अडवायचे. चाळींत चहा मिळायचा.

एका घरी, कुठल्या ते सांगत नाही, मावशींच्या हातावर तसा चट्टा निघाला. कापूस चट्ट्याबाहेर टेकवला की बोट बरोबर पडे. आत टेकवला की मावशी डोळे मिटून शांत बसून राहत. चट्टा कोरडा होता, बाकी हाताला घाम असताना. त्याच हाताच्या करंगळीजवळ भाजल्याच्या जुन्या खुणा. “तवा लागतो, पण दुखत नाही,” मावशी म्हणाल्या. “दुखत नाही मग आजार कसला?” ताईंनी माझी बोटं त्यांच्या कोपरामागच्या खोबणीत ठेवली. तिथली नस दुसऱ्या हातापेक्षा जाड लागत होती. ताई घरात काही बोलल्या नाहीत, फक्त डॉक्टरांकडे यायची चिठ्ठी दिली.

मला वाटत होतं, कुष्ठरोगाचा जंतू नस खातो. पण नसेत तो राहायला जातो मुख्यतः श्वॉन पेशीत, म्हणजे तक्त्यातल्या पाचव्या ओळीत. नॉर्वेच्या हान्सेनने १८७३ मध्ये हा जंतू पाहिला, पण काचेच्या बशीत तो आजवर कुणाला वाढवता आलेला नाही. तो थंड जागा पसंत करतो, म्हणून कातडीजवळून जाणाऱ्या नसा धरतो, कोपरामागची त्यांपैकीच. आणि इतका सावकाश वाढतो, की एकाचे दोन व्हायला दोनेक आठवडे जातात. लक्षणं दिसायला म्हणूनच वर्षं लागतात. २०१३ मध्ये एडिंबरातल्या संशोधकांनी उंदरांच्या पेशींवर दाखवलं, की हा जंतू श्वॉन पेशीला तिची ओळखच विसरायला लावून मूळपेशीसारखी करून टाकू शकतो. आधार देणारीच्या घरात एवढी उलथापालथ, आणि आमच्या तक्त्यात तिच्यासमोर लिहिलेलं : ‘मायलिन तयार करते’.

मायलिन मला लोकलमुळे कळलं. श्वॉन पेशी चेतापेशीच्या लांब धाग्याच्या, म्हणजे अक्षतंतूच्या, एका तुकड्याभोवती स्वतःला गुंडाळत जाते; ते वेष्टण म्हणजे मायलिन. पुढचा तुकडा पुढच्या पेशीचा. मध्ये बारीक फट, तिला रॅनव्हिएची गाठ म्हणतात. संदेश फास्ट गाडीसारखा गाठीगाठीवरच थांबत जातो, मधली स्टेशनं सोडून. जाड, गुंडाळलेल्या तंतूतून तो सेकंदाला शंभर मीटरच्या पुढेही जातो. बारीक उघड्या तंतूतून एक-दोन मीटर.

पण इथे मी पुन्हा फसले. उष्णता, बरीचशी वेदना आणि घामाचे हुकूम या बारीक, उघड्या तंतूंतूनच जातात. मावशींचा चट्टा तर कोरडा होता, त्यांना तवा कळत नव्हता. जिथे मायलिनच नाही तिथे श्वॉन पेशीचं काय काम? उत्तर लायब्ररीतल्या जाड पुस्तकात सापडलं : उघडे म्हणतात ते तंतूही उघडे नसतात. एकच श्वॉन पेशी असे अनेक तंतू आपल्या घड्यांमध्ये घेऊन बसते, गुंडाळत नाही एवढंच. रॉबर्ट रेमाक यांच्या नावाने त्या जुड्या ओळखल्या जातात. जंतूचा डोळा या पेशींवरही असतो. ही ओळ आमच्या तक्त्यात का नाही, हे मला अजून समजलेलं नाही.

मग वर्तमानपत्रांतलं जुनं काहीबाही जुळायला लागलं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड भागात गुइलेन-बॅरेचे रुग्ण निघाले, एकूण दोनशेच्या वर गेले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर सापडला, संशय पाण्यावर गेला. उल्हास नदीचं पाणी दारात येऊन गेलेल्या हेंद्रेपाड्यात तेव्हा आम्ही आठवडाभर पाणी उकळून प्यायलो. या आजारात शरीराची संरक्षण यंत्रणाच नसांवर उलटते. काहींत मायलिनवर, काहींत थेट अक्षतंतूवर. मायलिनवरचा घाव असेल तर श्वॉन पेशी ते पुन्हा गुंडाळतात, म्हणून व्हेंटिलेटरवर गेलेली माणसंही पुष्कळदा चालत घरी येतात. मेंदूत हेच काम ऑलिगोडेंड्रोसाइट करते, एकटी अनेक तंतूंना पुरते, पण दुरुस्तीत ती फार कमी पडते.

वडाळ्याच्या अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालयाबद्दलही तेव्हाच वाचलं. १८९० चं आहे. ज्या अ‍ॅक्वर्थसाहेबांचं नाव त्याला आहे, त्यांनीच शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करून छापले. आर्ट्सला असताना त्यांचं नाव मी पोवाड्यांमुळे ऐकलं होतं, कुष्ठरोगामुळे नाही.

मावशींचं निदान पक्कं झालं. गोळ्यांचं पाकीट फुकट मिळतं, पूर्ण मुदतीपर्यंत घ्यायचं. सुरुवातीच्या डोसांनंतरच दुसऱ्याला लागण होण्याची भीती संपते, हे ताईंनी त्यांच्या सुनेला दोनदा सांगितलं. भांडी वेगळी करायची गरज नाही, हे तीनदा. तवा फडक्याने धरायचा, रोज संध्याकाळी हात उजेडात बघायचे, कोरडी कातडी पाण्यात भिजवून वर तेल लावायचं.

“पण बोटांना पुन्हा कळायला लागेल ना?” मावशींनी विचारलं. मला वाटलं, जंतू मेले की झालं. डॉक्टर म्हणाले, जंतू मेले तरी बधिरपणा आपोआप जात नाही. बधिरपणा येऊन सहा महिने झाले नसतील तर स्टिरॉइडने बरंच परत मिळू शकतं, त्यानंतर आशा कमी. करंगळी कधीपासून बधिर झाली, ते आठवून सांगा.

मावशी म्हणाल्या, गणपतीनंतर. सून म्हणाली, नाही, त्याआधी नागपंचमीलाच तुम्हाला सुई टोचलेली कळली नव्हती. दोघींचं एकमत होईना. डॉक्टरांनी पेन खाली ठेवून खुर्ची मागे सरकवली आणि मला कोपर पुन्हा बघायला सांगितलं.