टेकडीवरचे गुलाब

टोकियो शहरांतील जुन्या फुरुकावा उद्यानांत जमिनीचा उतारच दोन संस्कृतींची वांटणी करतो. माथ्यावर जोसाया कॉन्डर या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाचा १९१७ सालीं पुरा झालेला काळपट दगडी वाडा, आणि त्याच्यापुढें गुलाबांचे आखीव ताटवे. खालीं क्योतोच्या ओगावा जिहेई यांनीं १९१९ सालीं सिद्ध केलेली जपानी बाग. तींत तळें, दगडी दिवे, आणि केवळ शिळांनीं पाण्याचा भास निर्माण करणारा कोरडा धबधबा. वरची बाग एका दृष्टिक्षेपांत सर्वस्व दाखविते. खालची पाऊलवाट वळल्याखेरीज पुढचें कांहींच सांगत नाहीं.

दोहोंसही आम्हीं मनापासून दाद दिली. परंतु फुरुकावा घराण्याचें वैभव अशिओच्या तांब्याच्या खाणींतून आलें, हें विसरावें कसें? त्या खाणीच्या विषानें वातारासे नदीकांठचीं शेतें नासलीं, आणि १९०१ सालीं तानाका शोझो यांनीं तें गाऱ्हाणें थेट सम्राटापुढें नेण्याचें धाडस केलें.

मग या सौंदर्याकडे पाठ फिरवावी काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. माळ्याच्या हातांकडे तो दोष जात नाहीं. शिवाय १९५६ पासून ही बाग सर्वांस खुली आहे. मात्र येथें गुलाबाचा सुवास घेणाऱ्यानें त्या करपलेल्या भाताचीही आठवण ठेवावी. तेवढें देणें प्रवेशमूल्यानें फिटत नाहीं.