वाकळ सरकते तेव्हा

"खालचा दगड कोवळा आणि वरचा म्हातारा. नीट बघा," सर हातोडीचं टोक फिरवत म्हणाले. डेहराडूनहून मसुरीला चढताना राजपूरच्या पुढं, रस्त्याच्या कडेला आम्ही नांदेडहून आलेली बाराएक पोरं उभी होतो. खाली शिवालिकचा ठिसूळ वालुकाश्म, दोन कोटी वर्षांच्या आतला. त्याच्या उरावर चांदपूरचा काळपट, पापुद्र्यानं सुटणारा फिलाईट, पन्नास कोटींहून जुना. दोहोंच्या मधे तर दगड नव्हताच, नुसता चुरा. जात्यातल्या भरड पिठासारखा बोटांना लागला.

मी लातूर जिल्ह्यातला, औसा तालुक्यातला. आमच्याकडं विहीर खणली की मुरूम, मग काळा दगड, त्याखाली काळा दगडच, मधे कधी तांबड्या मातीचा पट्टा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला आणि थंड झाला. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. एवढंच शिकून मी भूशास्त्राला आलो होतो. इथं सगळा क्रमच उलटा.

सर म्हणाले, फ्रेंच लोक याला नॅप म्हणतात, म्हणजे मेजावरची चादर. आमच्या घरी मेज नव्हतं. मला आठवली ती बाजेवरची वाकळ. एका टोकानं रेटली की तिला घडी पडते, घडी आडवी होते, आणखी रेटली तर घडीवर घडी चढून पुढं सरकते. हिमालयात अशा खडकांच्या वाकळा मूळ जागेपासून शंभर किलोमीटरहूनही लांब गेल्या आहेत. मसुरीच्या या क्रोल पट्ट्यातल्या डोंगरांचा उलगडा १९३०च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या जॉन ऑडन यांनी केला. कवी ऑडन यांचा हा थोरला भाऊ. घरात दोघांचं काय बोलणं होत असेल, असं मला उगीचच वाटत राहतं.

"हे सगळं रेटतं कोण?" एका मुलीनं विचारलं. "आपणच. आपली जमीन दर वर्षी पाच सेंटीमीटर उत्तरेला सरकते," सर म्हणाले. मी चुऱ्यातून बोट काढलं नाही.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. मी नऊ वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपती बुडवून उशिरा आलो आणि अंगणातल्या बाजेवर तसाच झोपलो. आमचं घर माळवदाचं. चार हात जाड भिंती, दगडाला दगड लावून मधे चिखल भरलेला. वर लाकडं, त्यांवर पांढऱ्या मातीचे थर. दर पावसाळ्याआधी आबा आणखी एक थर टाकायचे, गळू नये म्हणून. ते ओझं वर्षानुवर्षं वाढत गेलं होतं. आजी आत होती.

किल्लारीचा तो भूकंप ६.२ तीव्रतेचा. लातूर आणि उस्मानाबाद मिळून पन्नासच्या वर गावं कोसळली, जवळपास दहा हजार माणसं गेली. आणि भूकंपाच्या सरकारी नकाशात आमचा मुलूख तेव्हा सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगवलेला होता. काही लोक तेरणा नदीवरच्या धरणाला बोल लावत, काही देवाला. आबा कुणालाच लावत नसत.

मसुरीहून परतल्यावर सर मला किल्लारीचे नकाशे दाखवत बसले. तिथला भ्रंशही मसुरीच्या वाटेवरच्यासारखा थ्रस्टच, म्हणजे दक्षिणेकडचा खडक उत्तरेकडच्यावर चढलेला. रानात उमटलेली पायरी एक मीटरच्या आसपास. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेनं तिथं विंधन घेतलं तर काळा दगड ३३८ मीटर, मग थोडा गाळ आणि त्याखाली पुरातन नीस. भ्रंशाच्या दोन बाजूंना लाव्हाचे तेच थर काही मीटर वरखाली सापडले. म्हणजे एका रात्रीचं हे काम नाही, जमीन तिथं पूर्वीही हलली होती. हिमालयात जी वाकळ कोसच्या कोस गेली, तिची आमच्याकडं अजून धड एक घडीही पडलेली नाही. नापिकीच्या वर्षी पेरलेलं कसंबसं एक बोट वर यावं, तसंच काहीसं.

दिवाळीत मी आबांना घेऊन ती पायरी शोधायला गेलो. शेत कितीदा नांगरलेलं, आता तूर उभी. शेतमालकानं नुसता हात केला, "हितंच होती की, बांधासारखी." आबा तुरीतून चालत त्या जागेवर गेले, थांबले आणि पाय घासून बघू लागले.

"आबा, काय करायलात?"

"बघायलोय. अजून गरम हाय का."

२१ मार्च २०२४ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोलीत केंद्र असलेला ४.५चा धक्का नांदेडमधल्या माझ्या घरी जाणवला. भांडी वाजली, दिवा हलला. मी गावी फोन लावला. आबा कधीच गेले होते. माय म्हणाली, "आमाला काई कळलं न्हाई. मी पत्र्याखालीच हाय. तू सलॅबच्या घरात काय करायलास? भाईर ये आदी."