कलावंताचा रकाना

आम्ही पेशाने मराठीचे अध्यापक आणि छंदाने संगणकाचे हौशी. या दोन गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदू शकतात, यावर जळगावातील आमच्या विभागातल्या सहकाऱ्यांचा अजूनही पुरता विश्वास बसलेला नाही. साहित्याच्या मंडळींना आमचा छंद म्हणजे यंत्राचे वेड वाटते. यंत्राच्या मंडळींना आमचा पेशा म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो. या दोन्ही आक्षेपांना उत्तर द्यावे असे आम्हांला फारसे कधी वाटले नाही. मात्र एका ध्वनिफितीमुळे आमचा छंद आमच्या पेशाला असा काही येऊन भिडला की त्याची हकिकत लिहून ठेवणे भाग आहे.

ही फीत १९८७ सालच्या आखाजीची. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे हा सण सासुरवाशिणींचा. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि झोक्यावर गाणी म्हटली जातात. धुळ्याच्या आमच्या घरी त्या वर्षी वडिलांनी नवाच घेतलेला टेपरेकॉर्डर अंगणातल्या निंबाखाली ठेवला आणि नव्वद मिनिटांची एक कॅसेट दोन्ही बाजूंनी भरली. तीत आमच्या आत्याचा आवाज आहे, शेजारपाजारच्या बायकांचे आवाज आहेत, झोक्याच्या दोराची करकर आहे आणि मध्येच ‘पाणी आलं’ म्हणून कुणीतरी घातलेली हाकही आहे. गाणी अर्थातच अहिराणीत आहेत.

२००६ साली आम्ही ही फीत संगणकावर उतरवायला घेतली. टेपरेकॉर्डरच्या कानातून वायर काढून संगणकाच्या ध्वनिपत्रिकेत खोचायची आणि फीत चालू करून बसायचे, एवढीच कृती. पण यात घाई चालत नाही. नव्वद मिनिटांची फीत उतरायला नव्वद मिनिटेच लागतात. त्या वर्षांत भारनियमन असे होते की सलग नव्वद मिनिटे वीज मिळणे हीच भाग्याची गोष्ट. चार वेळा अर्ध्यावरून परत सुरुवात केली. पाचव्या वेळी पहाटे उठून बसलो तेव्हा काम तडीस गेले.

त्यानंतर संगणकाने आम्हांला पहिला प्रश्न विचारला, आणि तो वाङ्मयीन होता. गाण्याचे नाव काय? कलावंत कोण? अल्बम कोणता? वर्ष कोणते? प्रकार कोणता?

एमपी-थ्री फाइलच्या शेवटी ही माहिती साठवण्याची जी पहिली पद्धत १९९६ च्या सुमारास रूढ झाली, तिला एकूण १२८ बाइट जागा होती. त्यांतील तीस नावाला, तीस कलावंताला, तीस अल्बमला. आज रूढ असलेल्या युनिकोड-लेखनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते. म्हणजे काना-मात्रा धरून अवघी दहा चिन्हे. ‘आखाजीची गाणी’ एवढेही त्यात मावत नाही. संगीताच्या प्रकारांची यादीही ठरलेली होती, शून्यापासून ७९ पर्यंत. त्या ऐंशी प्रकारांत मध्य युरोपातल्या पोल्का नाचाला जागा होती, पण ‘लोकसंगीत’ हा प्रकार नव्हता! तो पुढे विनॅम्प या आज्ञावलीच्या कर्त्यांनी ऐंशीव्या क्रमांकावर जोडला. आमच्या आत्याला या जगात शिरायला दार मिळाले ते असे, पुरवणी यादीतून.

पुढील वर्षांत आमच्या घरात अनेक आज्ञावल्या नांदून गेल्या. फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघालेले व्हीएलसी होते. ते २००१ पासून सर्वांना खुले आहे आणि आजही आमच्या संगणकावर आहे. विंडोजचे मीडिया सेंटर होते. २०१५ साली विंडोजची दहावी आवृत्ती आली तेव्हा ते वगळले गेले. खेळाच्या यंत्रासाठी २००२ मध्ये सुरू झालेला एक प्रकल्प एक्सबीएमसी या नावाने वाढला आणि २०१४ मध्ये त्याचे ‘कोडी’ झाले. २०१८ च्या अखेरीस जेलिफिन आले. यांतली निम्मी तरी मंडळी स्वयंसेवकांनी पदरमोड करून उभी केलेली आहेत, आणि आमच्यासारख्या गृहस्थाला घरच्या दिवाणखान्यात ग्रंथपाल होण्याचे सुख त्यांच्यामुळेच लाभले.

पण एकदा या ग्रंथपालाच्या मदतनिसाने घोटाळा केला. एका आज्ञावलीला आम्ही ‘अपूर्ण माहिती आपोआप भरावी’ अशी मुभा देऊन निजलो. सकाळी पाहतो तो आत्याच्या आठ गाण्यांपैकी तिघांना हिंदी चित्रपटांची नावे मिळाली होती आणि एकावर कुणा परदेशी वाद्यवृंदाचे चित्र चिकटले होते. मूळ नावे पुसली गेली होती. आम्ही ती वहीत लिहून ठेवली होती म्हणून निभावले. कागदाची वही. हे सहकाऱ्यांना कळू दिले नाही.

आंतरजालावरील सेवांचा अनुभव निराळा. त्या काळच्या आमच्या योजनेत रात्री दोन ते सकाळी आठपर्यंतचा वापर मोजला जात नसे. त्यामुळे आमचा बराच व्यासंग मध्यरात्रीनंतरचा. अशाच रात्री जागून आम्ही सारी फीत एका सेवेवर चढवली. सुरतेच्या आणि पुण्याच्या नातलगांनी तिथे ती ऐकली आणि खाली आपापल्या आठवणी लिहिल्या : हे गाणे आमच्याकडे असे म्हणतात, ही ओळ वेगळी आहे, हा आवाज अमक्या काकूंचा असावा. काही वर्षांनी ती सेवा बंद झाली. पूर्वसूचना आली होती, गाणी परत घेता आली. पण खालच्या आठवणी परत घेण्याची सोय नव्हती. गाण्याच्या प्रती आमच्याकडे होत्याच. जे गेले, ते पाठभेद होते. पाठचिकित्सा शिकवणाऱ्या माणसाने पाठभेद गमवावेत, याहून मोठी शिक्षा कोणती?

दुसरा प्रसंग २०२१ चा. एका चित्रफितींच्या सेवेवर आम्ही यांतले एक गाणे ठेवले. चार दिवसांत यांत्रिक नोटीस आली की, ही चाल दुसऱ्याच्या मालकीची आहे. कुणीतरी तीच पारंपरिक चाल कीबोर्डावर वाजवून आपल्या नावे नोंदवली होती. हरकत घेण्यासाठी जो अर्ज भरायचा, त्यात पुन्हा तोच प्रश्न : कर्ता कोण? आपल्याकडच्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी कृती सर्वांची होते. पण जिचा कर्ता कधी जन्मलाच नाही, तिची साठ वर्षे कोणत्या तारखेपासून मोजायची? आम्ही ‘परंपरागत’ असे लिहिले. महिनाभर पलीकडून उत्तर आले नाही आणि दावा आपोआप गळून पडला. जिंकल्याचा आनंद मात्र झाला नाही. ‘परंपरागत’ हा शब्द लिहिताना आपणही त्या दावेदाराइतकेच सहज कुणाचे तरी नाव पुसले, ही टोचणी लागली.

जळगावात राहून ही टोचणी टाळता येत नाही. शहरालगतच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांनी रचलेली गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्या माणसांनी जमेल तेवढी टिपून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह तो संग्रह निघाला. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. घरात एक टिपून घेणारा निघाला नसता, तर ही गाणीही कुणाच्या तरी तोंडी ‘परंपरागत’ म्हणूनच उरली असती, किंवा उरलीही नसती.

धुळ्याने आम्हांला याची दुसरी बाजू शिकवली. राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथेच आहे. शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली समर्थ संप्रदायाची बाडे तिथल्याच समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. जुनी पोथी हाती घेतली की आम्ही विद्यार्थ्यांना प्रथम शेवटचे पान उघडायला सांगतो. तिथे पुष्पिका असली, तर लेखनिक कोण, गाव कोणते, शके कोणता, पोथी कुणासाठी लिहिली, हे कळते. एमपी-थ्रीची ती १२८ बाइटांची पट्टीही फाइलच्या अगदी शेवटीच असते, हे ध्यानात आले तेव्हा आम्ही थोडे खजील झालो. ज्या रकान्यांना आम्ही यंत्राचा उद्धटपणा समजत होतो, ती आमच्याच शास्त्रातली पुष्पिका होती. यंत्राचा प्रश्न बरोबर होता. उत्तर शोधायला आम्ही उठलो नव्हतो.

म्हणून त्याच वर्षी, पावसाळा सरल्यावर, एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्याला गेलो आणि आत्याच्या खाटेशी बसून तिला ती फीत ऐकवली. तिने आधी विचारले, “हाऊ मन्हा आवाज शे का?” मग बराच वेळ नुसतीच ऐकत राहिली. आम्ही कागद काढून नावे विचारू लागलो, तेव्हा म्हणाली, “नाव कसाले लिखस रे भाऊ? गानं बठासनं ऱ्हास.” गाणे सगळ्यांचे असते, नाव कशाला लिहितोस? वर्गात लोकसाहित्याची व्याख्या आम्ही पाऊण तास सांगतो.

तरीही तिने नावे सांगितली. हे गाणे आईकडून आले, हे कापडण्याच्या जावेकडून, ही ओळ आपण त्याच दिवशी झोक्यावर सुचली तशी घातली. शेवटचे सांगताना ती लाजली. ‘परंपरागत’ म्हणून आम्ही ज्यावर शिक्का मारला होता, त्यात एक ओळ तिची स्वतःची होती! आठांपैकी सात गाण्यांची माहिती मिळाली. आठवे गाणे एक बाई एकटीच म्हणते. आवाज कोवळा, शेवटी हसू. आत्याला तो ओळखता आला नाही. “नवी सून व्हती कोनीतरी,” एवढेच म्हणाली. २०२२ च्या आखाजीआधी आत्या गेली.

आता ही गाणी आमच्या घरच्या संग्रहात नीट लावलेली आहेत. अहिराणीला भाषासंकेतांच्या आंतरराष्ट्रीय यादीत २००७ पासून स्वतःची तीन अक्षरे आहेत, पण आमच्या आज्ञावलीच्या निवडसूचीत ती नाही. तेव्हा शेऱ्याच्या रकान्यात आम्ही ‘अहिराणी’ असे हाताने लिहितो. सात गाण्यांना गाणारीचे नाव, तिचे गाव आणि गाणे कुणाकडून आले ते, अशी पुरी पुष्पिका आहे. त्याची एक प्रत कागदावरही आहे.

आठव्या गाण्याचा कलावंताचा रकाना रिकामा ठेवला, तर आज्ञावली आपण होऊन ‘अज्ञात कलावंत’ असे लिहिते. ते आम्हांला रुचले नाही. ती अज्ञात नाही. आम्ही विचारायला उशीर केला, इतकेच. तिथे आम्ही लिहिले आहे : नवी सून, धुळे, आखाजी १९८७.