पद्मिनीच्या कंडेन्सरमधला इतिहास

आमच्या घरची प्रीमियर पद्मिनी हिंगोलीची, पण तिच्या पाटीवर 'एमएच २२' आहे. हिंगोलीचा क्रमांक तर ३८! १ मे १९९९ पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यात होती आणि गाडी त्याआधीची. एवढाच तो घोळ. मात्र या गाडीतला खरा इतिहास बॉनेटखाली आहे.

भर उन्हाळ्यात औंढा नागनाथहून परतताना ती हटकून बंद पडे आणि अर्ध्या तासाने निमूट सुरू होई. जो तो सांगे : पेट्रोलची वाफ झाली. इंजिनाला जोडलेला पंप (मिस्त्री त्याला 'एसी पंप' म्हणतात) मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. तो फार तापला की नळीत द्रवाऐवजी वाफ येते आणि कार्बोरेटर उपाशी राहतो. उपाय जुनाच : पंपावर ओले फडके. वडिलांनी तेही केले. काही उपयोग झाला नाही.

आमच्या मिस्त्रींनी थंड गाडी तपासायला साफ नकार दिला. "ताप उतरल्यावर नाडी बघून काय उपयोग, साहेब?" मग गाडी तापवून, बंद पडू देऊन त्यांनी प्लगची वायर काढली आणि तिचे टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ धरले. वडिलांनी सेल मारला. ठिणगी निळी, खणखणीत हवी. ही पिवळी आणि मरगळलेली. पेट्रोल निर्दोष सुटले.

डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडताच जळलेले पॉइंट दिसले. पॉइंट उघडताना कॉइलचा प्रवाह झटकन तुटावा लागतो, तरच प्लगला पुरेसा दाब मिळतो. त्या क्षणी पॉइंटांवर उडू पाहणारी ठिणगी गिळण्याचे काम कंडेन्सरचे. आमचा कंडेन्सर उष्णतेने हात टेकत होता आणि गार झाला की पुन्हा शहाणा होत होता. म्हणूनच तो वाफेच्या दोषासारखा भासला.

नवा भाग मिळेना. मिस्त्रींनी आवारात गंजत पडलेल्या, सुमारे वीस वर्षे जुन्या फियाटचा कंडेन्सर काढला. तो चपखल बसला. पॉइंटांतले अंतर त्यांनी काडेपेटीच्या पुठ्ठ्याने मापले.

तो बसला कसा, हे मात्र इतिहासच सांगतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या सहकार्याने ११०० ही मोटार तयार होऊ लागली. १९७० च्या दशकात तिचे नाव 'पद्मिनी' झाले. १०८९ सीसीचे इंजिन मूळचेच राहिले. इटलीत ११०० चे उत्पादन १९६९ मध्ये थांबले. आपल्याकडे परवाना राज आणि आयातीवरील निर्बंध यांमुळे स्पर्धाच नव्हती, मग आराखडा बदलावा कोणी? ग्राहक मात्र गाडीसाठी वर्षानुवर्षे ताटकळत. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे मला कारण दिसत नाही. तरीही कोणतेही छापील मॅन्युअल हाती नसलेल्या, जिल्ह्याच्या गावातल्या कारागिराला एकच इंजिन नखशिखांत शिकायला अर्धे आयुष्य मिळाले, ते या गोठलेपणामुळेच.

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाली. आमच्या मिस्त्रींचे गॅरेज आता मुलगा चालवतो. त्याच्या हाती स्कॅनर असतो. पद्मिनीत तो जोडायला जागाच नाही. मग तो वडिलांना फोन लावतो आणि चालू इंजिनाजवळ धरून उभा राहतो.