घाटमाथ्यावरचा ट्रकचा वैद्य

मुंबईहून नाशिकला जाताना कसारा घाट लागतो. याचंच दुसरं नाव थळ घाट. इथे रेल्वेचा चढ 37 मीटरला 1 मीटर असा आहे. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे ढकलायला जादा इंजिनं जोडतात. ट्रकला मात्र ढकलणारं कोणी नसतं! वर इगतपुरीला घाटनदेवीचं देऊळ आहे. चढून आलेले ट्रक तिथे दम खातात, उतरणारे देवीला हात जोडून निघतात.

श्रावणातल्या एका संध्याकाळी तिथेच भाजीने भरलेला एक जुना ट्रक अडला होता. पहाटेच्या आत वाशीच्या बाजारात पोचला नाही, तर मेथी-कोथिंबीर मातीमोल! ड्रायव्हर किल्ली फिरवी, पण आवाज नुसता 'टिक्-टिक्'.

क्लीनर म्हणाला, "उस्ताद, पुढे उतारच आहे. सोडून देऊ, गिअर टाकला की होईल चालू."

पत्र्याच्या शेडमधले मिस्त्रीचाचा धावत आले. आधी त्यांनी चाकांना दगड लावले. "घाटात असं नाही करायचं, पोरा! इंजिन बंद, म्हणजे ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद. टाकीतली हवा संपली, की ब्रेक गेला. मग ट्रक थांबवणार कोण?"

स्कूटरच्या पेट्रोल इंजिनात प्लगच्या ठिणगीने पेट्रोल पेटतं. डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. आतली हवा दाबून दाबून 500 अंश सेल्सिअसच्याही वर तापते आणि तिच्यात डिझेलचा फवारा आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने 1897 मध्ये असं इंजिन चालवून दाखवलं. पण हवा दाबायची तर इंजिन आधी जोरात फिरायला हवं. ते काम स्टार्टरचं, आणि स्टार्टरला बळ देते बॅटरी.

चाचा म्हणाले, "डॉक्टर विचारतो, कुठं दुखतं? ट्रक आवाजातनं सांगतो. दिवेसुद्धा लागले नाहीत, तर वायर किंवा फ्यूज बघा. टिक्-टिक् झालं तर बॅटरी उतरलेली, नाहीतर तिची जोडणी खराब. एकदाच 'खट्' झालं तर स्टार्टरवर संशय. इंजिन फिरतंय पण पेटत नाही, तर डिझेल पोचत नाही. पाइपात हवा शिरली असेल, फिल्टरमध्ये पाणी साचलं असेल. कधीकधी तर इंजिन बंद करायची ओढायची मूठ बाहेरच राहिलेली असते!"

इथे बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड साचली होती. चाचांनी आधी उणे टोकाची तार सोडवली, मग अधिकची. टोकं घासली, चहावाल्याकडचं गरम पाणी ओतलं, पुसून कोरडी केली. तारा घट्ट आवळल्या, उणे टोकाची सगळ्यात शेवटी. पाना भलतीकडे टेकून ठिणगी उडू नये, म्हणून हा क्रम. (बॅटरीत आम्ल असतं, मुलांनी हात लावू नये!)

किल्ली फिरली. घर्र... घर्र... आणि धुराचा लोट सोडत ट्रक जागा झाला. नवा सुटा भाग एकही लागला नाही.

"सोपं आधी बघायचं, खर्चाचं शेवटी," चाचा हात पुसत म्हणाले. मग क्लीनरला बजावलं, "आणि ज्या गिअरात घाट चढतो, त्याच गिअरात उतरायचा. काय?"

"होय चाचा!" म्हणत क्लीनरने चाकाखालचे दगड काढले, अन् रस्त्यात न टाकता नीट कडेला ठेवले.