समासात लिहिलेली चूल

२०२४ च्या पावसाळ्यात गावातल्या बायांचे ‘लाडकी बहीण’ योजनेचे फॉर्म मीच भरले. अंगणवाडीच्या ओट्यावर सकाळपासून रांग लागायची. आधार, रेशनकार्ड, पासबुक, हमीपत्र. फॉर्ममागे पन्नास रुपये मिळतील असं आम्हा सेविकांना सांगितलं होतं; पण खरं समाधान वेगळं होतं. आयुष्यभर अंगठा लावलेल्या दोघीतिघी ‘मला सही शिकवा’ म्हणून बसल्या होत्या. खात्यात स्वतःच्या नावाने पैसे येणार होते ना!

विधानसभेची निवडणूक झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच दारांत मला दुसरा कागद घेऊन पाठवलं. चारचाकीवाल्यांची यादी. ज्या घरात गाडी, तिथल्या बाईचा हप्ता बंद. ज्यांच्या लेकरांना मी पहिल्यांदा वजनकाट्यात बसवलं, त्यांच्या अंगणात मी गाडी शोधत होते.

एका घरी यादीतलं नाव धाकट्या सुनेच्या थोरल्या दिराचं होतं. जुनी ओम्नी, तो भाड्याने चालवतो. रेशनकार्ड सासऱ्याच्या नावचं, सगळ्यांचं मिळून एकच. आत गेले तर मधे जुन्या साडीचा पडदा. अलीकडे थोरलीची चूल, पलीकडे धाकटीची. पिठाचे डबे वेगळे, मिठाची बरणीसुद्धा वेगळी. योजनेच्या नियमात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं. म्हणजे धाकटी पात्रच. माझ्या कागदावर मात्र गाडी आहे की नाही, एवढंच भरायचं होतं. मी समासात बारीक अक्षरात लिहिलं, ‘चूल वेगळी’. तिचा हप्ता थांबला. कशामुळे, ते सांगणारा कागद आजवर तिच्या हातात पडलेला नाही.

ही घरं पालथी घालत होते तेव्हा अंगणवाडीत मुलांची वजनं राहिली. मदतनीस एकटी खिचडी बघणार की लेकरं? दोन पोरं आधीच कमी वजनाची होती. तपासणीचा खर्च धरायचा तर तो इथून धरायला हवा.

खोटे अर्ज झालेच नाहीत, असं मी म्हणणार नाही. जुलै २०२५ मध्ये सरकारनेच सांगितलं, की सुमारे २६ लाख ३४ हजार जणांचे पैसे जूनपासून थांबवलेत. चौदा हजारांहून जास्त पुरुषांनी बहिणींचा पैसा उचलल्याचंही बाहेर आलं. सरकारी नोकरीतल्या बायाही निघाल्या. वाचून माझा जीव जळला. पण आधारवर स्त्री की पुरुष हे लिहिलेलंच असतं, आणि सरकारी नोकरांची पगारयादी सरकारकडेच असते. ही चोरी पहिला हप्ता जाण्याआधी, खुर्चीवरून न उठता पकडता आली असती. असली तपासणी जरूर करा, ती स्वस्तही पडते. गरीब बाईला दारात उभी करून ‘तू खोटी नाहीस हे दाखव’ म्हणणारी तपासणी मला मान्य नाही.

सप्टेंबरात ई-केवायसी आली. नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं आधार हवं, ओटीपी त्याच्या मोबाईलवर जाणार. आमच्या वस्तीवरच्या एकीला नवऱ्याने नऊ वर्षांपूर्वी टाकलं. तो पुण्याकडे दुसरा संसार करतो. वडील वारले. परित्यक्ता म्हणून ती पात्र, हे योजनेतच लिहिलंय. ऐन सोयाबीनच्या काढणीत ती दोनदा तालुक्याला जाऊन आली. एस.टी.ला अर्धं तिकीट, तरी दोन दिवसांची मजुरी बुडाली. पंधराशेच्या हप्त्यातले सहाशे तिथेच गेले. पुढे मुदत वाढली. विधवांनी मृत्यूचा दाखला जोडावा, घटस्फोट झालेल्यांनी कोर्टाचा आदेश, असं ठरलं. टाकून दिलेल्या बाईकडे यातलं काय असणार?

शेवटी नवऱ्याच्या आधारची जुनी झेरॉक्स घेऊन ती संध्याकाळी माझ्याकडे आली. मी नंबर भरला. तिने माझ्या फोनवरून त्याला फोन लावला.

‘‘मी बोलतेय. मोबाईलवर आकडा आला असंल, तेवढा सांगा.’’

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग त्याने विचारलं, ‘‘कशाचे पैसे? किती मिळतात?’’

तिने फोन बंद केला, पदराने काच पुसली आणि माझ्या हातात दिला.

‘‘ताई, उद्या कापूस वेचायला जायचंय. परवा बघू.’’